सुरक्षित जागा कोणाच्या वाट्याला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



युद्ध म्हटले की डोळ्यांपुढे आघाडीवरचा सैनिक येतो. वस्तुतः आधुनिक फौजेत शत्रूसमोर बंदूक घेऊन उभे राहणारे थोडे असतात. त्यांच्यामागे कोठारे सांभाळणारे, मोटारी दुरुस्त करणारे, पगारपत्रके लिहिणारे, भटारखान्यात राबणारे असे पुष्कळ असतात. व्हिएतनाममधील अमेरिकन फौजेतही बहुसंख्य माणसे अशाच मागच्या कामांवर होती. सैन्यात गेलेला तरुण जगणार की मरणार, हे तो कोणत्या दलात आणि कोणत्या कामावर गेला यावर मोठ्या प्रमाणात ठरते. ही निवड ज्याची त्यानेच केलेली असते, असा एक सोयीस्कर समज आहे. व्हिएतनाम युद्धकाळातील अमेरिकेचा अनुभव या समजाला छेद देतो.

२८ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी दरमहाची सक्तीची भरती १७ हजारांवरून ३५ हजारांवर नेण्याची घोषणा केली, आणि त्याच वेळी राखीव दलांना तूर्त पाचारण करणार नाही, असेही सांगितले. या दोन वाक्यांचा अर्थ सुशिक्षित अमेरिकन कुटुंबांनी चटकन ओळखला. ज्याला सक्तीने नेले जाई त्याला दोन वर्षांची नोकरी आणि बहुधा पायदळ. जो आपणहून तीन वर्षांसाठी नाव नोंदवी त्याला आपले काम मागता येई. नौदल किंवा हवाई दल पत्करले तर साधारण चार वर्षे द्यावी लागत, पण भातशेतीच्या चिखलातून रायफल घेऊन चालण्याची वेळ सहसा येत नसे. म्हणजे आयुष्याची अधिक वर्षे देऊन सुरक्षितता विकत घ्यायची, असा हा सौदा होता.

सर्वांत मोलाची जागा नॅशनल गार्डची. सुरुवातीचे काही महिने प्रशिक्षण, मग सहा वर्षांची मुदत पुरी होईपर्यंत महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात दोन आठवडे कवायत. बाकीचा वेळ आपल्या घरी, आपल्या धंद्यात. १९६८ मध्ये काही राखीव तुकड्या बोलावल्या गेल्या खऱ्या, तथापि त्यांची संख्या अल्प होती. त्या वर्षाच्या अखेरीस गार्डच्या प्रतीक्षायादीवर सुमारे एक लाख नावे होती. यादी लांब असली की वशिल्याला भाव येतो, हे महाराष्ट्रातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. पुढे अध्यक्ष झालेले जॉर्ज डब्ल्यू. बुश १९६८ मध्ये टेक्ससच्या हवाई गार्डमध्ये आणि पुढे उपाध्यक्ष झालेले डॅन क्वेल १९६९ मध्ये इंडियानाच्या गार्डमध्ये दाखल झाले. नियमबाह्य काही घडले नाही, असेच दोघांचे म्हणणे राहिले. पण वशिल्याचा वाद दोघांच्याही निवडणुकांत गाजला. आर्मी नॅशनल गार्डमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेव्हा एक टक्क्याच्या आसपास होते. या एका आकड्यापुढे तो वाद किरकोळ ठरतो.

ज्याला गार्डही मिळत नसे आणि नौदलही, त्याचे काय? लष्कर प्रत्येकाची लेखी चाचणी घेई. गुण चांगले पडले तर रेडिओ, इलेक्ट्रॉनिक्स, कार्यालयीन काम यांची दारे उघडत. गुण कमी पडले की ती बंद होत आणि उरे ते पायदळ. ऑक्टोबर १९६६ पासून संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी एक योजना राबवली. एरवी चाचणीत नापास ठरून घरी गेली असती अशी मुले भरती करून घ्यायची, आणि याला गरिबीनिर्मूलनाचा कार्यक्रम म्हणायचे. १९७१ पर्यंत तीन लाखांहून अधिक तरुण या वाटेने आत आले. ज्या हुन्नराचे शिक्षण देण्याचे वचन होते ते बहुतेकांना मिळाले नाही. त्यांतील मोठा हिस्सा लढाऊ कामांवर गेला आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाणही अधिक राहिले. गरीब शाळेत ज्याला धड वाचायला शिकवले नाही, त्याच्या त्याच उणिवेने त्याची जागा आघाडीवर नक्की केली.

यावर कोणी म्हणेल, सुरक्षित जागा मागणारा भेकड. हा आरोप न्याय्य नाही. अन्याय्य युद्धात मरण टाळू पाहणे हा गुन्हा नव्हे, आणि मागितलेली जागा सुरक्षित राहीच, असेही नाही. नौदलात वैद्यकीय सहायक म्हणून गेलेल्यांना मरीन तुकड्यांबरोबर ऐन आघाडीवर पाठवले जाई. किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या लहान नौकांचे काम आरंभी कमी जोखमीचे समजले जाई. १९६८ अखेर त्याच नौका मेकाँगच्या कालव्यांत घुसवण्यात आल्या.

प्रश्न व्यक्तीच्या धैर्याचा नाही. १८६३ मध्ये, यादवी युद्धात, तीनशे डॉलर भरणाऱ्याला सक्तीच्या भरतीतून सूट देणारा कायदा झाला, तेव्हा न्यू यॉर्कच्या मजुरांनी दंगल केली. त्या दंगलीचा राग निरपराध कृष्णवर्णीयांवर निघाला, हा तिच्यावरचा कलंक होय. परंतु पैशाचा अन्याय निदान उघडा होता. शंभर वर्षांनंतर त्याच सवलतीने कॉलेजचे प्रमाणपत्र, ओळखीचा डॉक्टर आणि चाचणीचे गुण असा सभ्य वेष घेतला. बोलक्या, लिहित्या वर्गाची मुले बरीचशी सुरक्षित राहिली, आणि युद्ध लांबले. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून क्रम लावण्याची पद्धत आली. तिनेही विद्यार्थ्यांच्या सवलती लगेच गेल्या नाहीत. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली.

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही, म्हणून हा सारा विषय परका वाटेल. पण कमी जोखमीच्या जागेचे आमिष सक्तीवाचूनही चालते. रशियाच्या युक्रेनवरील युद्धात अनेक भारतीय तरुणांना एजंटांनी 'हेल्पर'ची नोकरी म्हणून नेले: सामान उचलायचे, स्वयंपाकघरात मदत करायची, लढायचे नाही. तेथे गेल्यावर अनेकांच्या पुढे रशियन भाषेतील करार ठेवले गेले, जे त्यांना वाचता येत नव्हते. जुजबी प्रशिक्षणानंतर त्यांची रवानगी आघाडीकडे झाली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवून दिल्ली, चेन्नई, तिरुवनंतपुरम यांच्यासह मुंबईतही छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले आकडे असे: भरती झालेले १२६, परतलेले ९६, मृत १२, बेपत्ता १६. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रालयाला पुन्हा जाहीर इशारा द्यावा लागला, म्हणजे भरती थांबली नव्हती.

अमेरिकन तरुणाला निदान चार वर्षे मोजून हवाई दल मागता येत होते. या मुलांनी कर्ज काढून एजंटाला पैसे मोजले आणि त्याच्या बदल्यात त्यांना 'हेल्पर' हा एक शब्द मिळाला. त्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला १९८३ चा उत्प्रवासन कायदा ठाऊक हवा. परदेशी नोकरीसाठी माणसे नेणाऱ्या एजंटाला या कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे. एजंटाचे नोंदणीपत्र आणि मुलाला वाचता येईल अशा भाषेतला करार, या दोन गोष्टी तिकीट काढण्यापूर्वी मागितल्या गेल्या पाहिजेत. विमान सुटल्यावर त्या मागणारा कोणी उरत नाही.