देवमाशाची वर्दी देणारी उडी



अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर इन्युपिआत लोकांच्या वस्त्या आहेत. देवमाशाच्या शिकारीला गेलेल्या होड्यांच्या वाटेकडे पूर्वी अवघ्या गावाचे डोळे लागलेले असत. शिकार साधली की एक निरोप्या बर्फावरून धावत सुटे आणि गावाच्या नजरेच्या टप्प्यात येताच दोन्ही पाय जुळवून उंच उडी मारी. हाक पोचणार नाही अशा अंतरावरून ती उडी दिसे, आणि माणसं मदतीला निघत.

या वर्दीतूनच दोन पायांच्या उंच लाथेचा खेळ आला, असं तिथले जाणते सांगतात. दोरीला सीलच्या कातड्याचा लहानसा चेंडू टांगलेला असतो. दोन्ही पायांनी एकदम उडायचं, दोन्ही पायांनी चेंडूला स्पर्श करायचा आणि तोल न जाऊ देता दोन्ही पायांवरच उतरायचं! एकपायी प्रकारात ज्या पायानं चेंडू गाठला, त्याच पायावर उतरावं लागतं. त्यात पुरुषांनी नऊ फुटांच्याही वरचा चेंडू गाठला आहे. बास्केटबॉलची कडी दहा फुटांवर असते.

लांबलचक हिवाळ्यात, घरातल्या थोड्याशा जागेत आणि जवळजवळ साधनांशिवाय शिकाऱ्याचं अंग तयार ठेवणारे हे खेळ. तेल चोपडलेली काठी एकमेकांच्या हातून ओढून घेताना निसटता मासा पकडायची मूठ घडते. मुठींच्या सांध्यांवर आणि पायांच्या बोटांवर अंग तोलून सीलसारखं उड्या मारत पुढे जायचं, हा त्यांतला सर्वांत कठीण. बोटं सोलवटून निघतात, तरी खेळाडू थांबत नाही. कान ओढण्याच्या खेळात दोघांच्या कानांमागे एकच दोरी अडकवतात. वेदना सोसण्याची ती कसोटीच.

विमानं आली, गावं झपाट्यानं बदलू लागली, तेव्हा ही विद्या हरवेल अशी काळजी वाटली. ती बोलून दाखवणाऱ्यांत या गावांना विमानं नेणारे दोन वैमानिकही होते. १९६१ साली फेअरबँक्स शहरात 'वर्ल्ड एस्किमो-इंडियन ऑलिम्पिक्स' सुरू झालं. १९७०मध्ये कॅनडातल्या येलोनाइफला 'आर्क्टिक विंटर गेम्स' भरले.

या स्पर्धांतली सर्वांत मोलाची रीत मात्र वेगळीच आहे. प्रत्येक उंचीला तीन संधी मिळतात. दोनदा चुकलेल्या खेळाडूजवळ त्याचा प्रतिस्पर्धीच जातो, आणि उडी कुठून घ्यावी, नजर कुठे ठेवावी, हे तिसऱ्या प्रयत्नाआधी त्याला समजावून सांगतो.