वस्तू जपा, तिची गोष्टही जपा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘जुन्या वस्तूंचा छंद’. दहा मिनिटं दिली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आपल्या प्रत्येकाच्या घरात जुन्या वस्तू दोन ठिकाणी असतात. एक शोकेसमध्ये आणि एक माळ्यावर. शोकेसमधल्यांची काळजी घेतली जाते. मी बोलणार आहे माळ्यावरच्या वस्तूंबद्दल. पितळी स्टोव्ह, अडकित्ता, पानाचा डबा, चावीचं घड्याळ, कॅसेटची पेटी, पत्र्याची ट्रंक आणि त्या ट्रंकेतली आंतरदेशीय पत्रं. बाजारात यांना फारशी किंमत येणार नाही. भंगारवाला वजनावर घेईल. मग ठेवायच्या कशाला?

याचं उत्तर पुण्याच्या एका माणसाने आयुष्यभर दिलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे काका केळकर. घरचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच, सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. कमलाबाईंनीही या कामात त्यांना साथ दिली. राजांच्या तलवारी सगळेच जमवतात. काकांनी दिवे, अडकित्ते, दौती, फणेरपेट्या, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकाची भांडी आणि पाय घासायची वज्रीसुद्धा जमवली. साध्या घरातल्या बायका-माणसांच्या हातातल्या वस्तू. तो संग्रह वीस हजारांच्या वर गेला आणि १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्यावर मुलांना घेऊन जरूर जा.

आता कोणी म्हणेल, आपल्या टू-रूम-किचनमध्ये वीस हजार वस्तू कुठे ठेवायच्या? ठेवूच नका. दहा ठेवा. पण त्या दहांची गोष्ट लिहून ठेवा. मला आज एवढंच सांगायचं आहे.

कारण असं बघा. घरातलं मोठं माणूस गेलं की थोड्याच दिवसांत माळा रिकामा होतो. मुलं काही वाईट नसतात. त्यांना रजा चार दिवसांची असते आणि हातात आलेली वस्तू कोणाची, कशासाठी ठेवलेली, हे सांगणारं कोणी उरलेलं नसतं. ‘हा तांब्या आजीने पहिल्या पगारातून घेतला’ एवढं एक वाक्य माहीत असेल तर तो तांब्या कोणी देत नाही. वाक्य हरवलं की उरतं ते फक्त पितळ.

कागदांचंही तेच. आपलं वेवजी महाराष्ट्राच्या अगदी टोकाला. पलीकडे उंबरगाव, गुजरात. १ मे १९६० च्या आधीचे या भागातले दाखले पाहिलेत तर त्यावर ‘तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे’ असं सापडेल. राज्यं वेगळी झाली, मग ‘तालुका तलासरी, जिल्हा ठाणे’ आलं. १ ऑगस्ट २०१४ पासून ‘जिल्हा पालघर’. माणूस जागचा हलला नाही आणि पत्ता बदलत गेला! हा इतिहास कुणाच्या तरी ट्रंकेत आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पडून असेल. तो रद्दीत घालू नका.

मुलांनो, तुमच्या घरात तार असेल तर शोधा. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दारात तारवाला आला की वाचायच्या आधीच घरात रडारड व्हायची. हे तुम्हाला आजीच सांगेल. एका रुपयाचे सोळा आणे होते आणि १ एप्रिल १९५७ पासून शंभर नवे पैसे झाले, तेव्हा बाजारात काय गोंधळ उडाला, तेही विचारा.

वस्तूपेक्षा सांगणं मोठं, हे आपल्या शेजारच्या पाड्यांवर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी गाणं म्हणते. भिंत सारवली की चौक जातो. पुढच्या लग्नात तो पुन्हा उभा राहतो, कारण लिहिणाऱ्या हाताने तो पुढच्या हाताला दिलेला असतो. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली आणि डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे २०११ साली पद्मश्री झाले.

आता थोडं कामाचं. आपल्याकडची हवा समुद्राची, दमट. जुने फोटो आणि कागद लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सुटत नाहीत. सेलोटेप लावू नका, पिवळा डाग पडतो. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. जुनी नाणी चिंचेने घासू नका, संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत उतरते. पावसाळा संपला की ट्रंक उघडून हवा द्या, पण कडक उन्हात नको.

आणि शेवटी एक विनंती, समितीने विचार करावा. सोसायटीच्या ऑफिसात एक वही ठेवू या. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी प्रत्येक घरी जायचं, एक जुनी वस्तू बघायची आणि चार ओळी लिहायच्या: कोणाची, कुठून आली, कशाला वापरली, कोणी सांगितलं. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहील. सोसायटीची स्वतःची पानंही त्यात हवीत. पहिल्या सर्वसाधारण सभेला कोण कोण होतं, पहिला गणपती कुठे बसवला, पाण्याच्या रांगेत कोणाची कोणाशी मैत्री झाली. पंचवीस वर्षांत आपल्यातले काही जण गेले, काही मुलांकडे राहायला गेले. जे आज समोर बसले आहेत त्यांना अजून विचारता येतं. सुवर्णमहोत्सवापर्यंत थांबलो तर विचारायचं कोणाला?

आज घरी गेल्यावर जेवणाआधी एकच करा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला एक जुनी वस्तू दाखवा आणि विचारा, ‘हे कोणाचं?’ मग गप्प बसा आणि ऐका.