क्विंटलमागे युनिट किती?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत, दालमिल चालवणाऱ्या गटांपुढे केलेलं भाषण)



दालमिल चालवणाऱ्या बऱ्याच गटांचं एकच म्हणणं ऐकू येतं. तूर भरपूर येते, भरडाईही मिळते, पण लाइटबिल भरलं की हातात काही राहत नाही. काही गट तर मशीन विकायच्या गोष्टी करतात. म्हणून आज फक्त विजेवर बोलते. बल्ब बंद करा असं सांगायला मी उभी नाही. त्यात फार काही वाचत नाही.

बिलाच्या रकमेवरून मिल कशी चालली ते कळत नाही. त्यात स्थिर आकार असतो, तो मिल बंद असली तरी लागतो. म्हणून हिशेब युनिटचा ठेवा. सकाळी मीटरचं रीडिंग लिहा, संध्याकाळी लिहा, त्या दिवशी किती क्विंटल भरडलं तेही लिहा. समजा २४ युनिट गेले आणि ६ क्विंटल झालं, तर क्विंटलमागे ४ युनिट. एवढंच. इंजिनिअर लागत नाही, सचिवताईचं रजिस्टर पुरे.

पंधरा दिवस लिहिलं की दिसेल, एका दिवशी ४ आणि दुसऱ्या दिवशी ६. मशीन तेच, मोटर तीच. मग फरक कशाचा?

बहुतेक वेळा वाळवणीचा. आपल्या विदर्भात अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल बऱ्याच जणींना माहीत आहे. तिच्यात काय, दुसऱ्या कोणत्या मिलमध्ये काय, तूर नीट तयार नसेल तर साल सुटत नाही. मग तीच तूर दुसऱ्यांदा घाला, तिसऱ्यांदा घाला. प्रत्येक फेरीला मीटर पळतं, आणि डाळ तुटून चुनी वाढते ती वेगळीच. तेल लावून, पाणी मारून, ढीग झाकून ठेवला आणि मग कडक उन्हात वाळवली तर फेऱ्या कमी होतात. यवतमाळचं ऊन फुकट आहे, बरं का! महाशिवरात्रीनंतर तर विचारूच नका. मूठभर तूर तळहातावर चोळून पहा. साल सैल वाटलं तरच मशीन सुरू करा.

दुसरं, रिकामी मोटर. गिऱ्हाईक पोतं उतरवतंय, आपण बोलतोय, आणि मशीन घरघरतंय. ५ एचपीची मोटर भरल्या कामाला तासाला ४ युनिटच्या पुढे खाते. रिकामी चालली तर कमी खाते, पण खाते, आणि डाळ एक दाणा देत नाही. दोन-तीन जणींचा माल जमू द्या, मग सलग चालवा.

पट्टा ढिला असेल तर घसरतो, मोटर फिरते अन् रोलर मागे राहतो. पट्ट्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, पदर खोचलेला. रोलरचा एमरी झिजला असेल तर बदला. त्या खर्चाला घाबरू नका, झिजलेला रोलर रोज पैसे घेतो.

नवीन मशीन घेणाऱ्यांनी, विशेषतः प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदानावर घेणाऱ्यांनी, मोटरच्या पाटीवर आयई-३ आहे का ते पहावं. आणि जुन्या बिलावर दर कोणता लावलाय तेही पहा. दालमिल औद्योगिक दरात येते. व्यावसायिक लागला असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पुढच्या मासिक सभेला रजिस्टर घेऊन या. ज्या गटाचं क्विंटलमागे युनिट सर्वांत कमी निघेल, त्या गटाच्या अंगणात आपण तूर कशी वाळवतात ते बघायला जाऊ.