बंदुकीवरचा कर कुणाच्या खात्यावर?



रानडुकरांचा विषय निघाला की गाडी बंदुकीच्या परवान्यावर येऊन अडते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना लिहिलेला आहे. तो हाती पडेपर्यंत किती हंगाम जातात, ते जागलीला जाणाऱ्यांना सांगायला नको. आज आम्ही परवान्याचं नाही, बंदुकीवरच्या कराचं बोलणार आहोत. आणि तेही अमेरिकेतल्या. तिथं बंदूक दुकानात विकत मिळते, आणि दुकान आलं की मागोमाग कर आलाच.

१९३० नंतरची ती वर्षं. अमेरिकेच्या कोरडवाहू भागात दुष्काळ, धुळीची वादळं. तळी आटलेली, रानातली जनावरं कमी झालेली. बंदुका-काडतुसांवर केंद्राचा कर आधीपासूनच होता. पैसा सामाईक तिजोरीत जायचा. म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. आवाज येतो, दिसत काही नाही. १९३७ साली पिटमन आणि रॉबर्टसन या दोन लोकप्रतिनिधींचा कायदा झाला आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या कामाला बांधला गेला. आज लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के कर आहे. भरतो कारखानदार, काढतो गिऱ्हाइकाच्या खिशातून. राज्यांना कामाच्या खर्चाचे ७५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. खरी मेख अटीत आहे. राज्यानं शिकारीच्या परवान्यांची फी दुसरीकडे वळवली, तर ही मदत बंद! अशी अट घातलेला सेस आपल्याकडे कुणी पाहिला असेल, तर त्यानं हात वर करावा.

आता राज्यंही पुढं आली आहेत. कॅलिफोर्नियानं २०२३ साली कायदा करून १ जुलै २०२४ पासून आपला वेगळा ११ टक्के कर लावला. २० डॉलरच्या काडतुसांच्या पेटीवर हे २ डॉलर २० सेंट, विक्रीकर वेगळाच. आणि त्या २० डॉलरमध्ये केंद्राचा कर अगोदरच मुरलेला, म्हणजे कराच्या डोक्यावर कर. पैसा जातो गोळीबार रोखण्याच्या आणि शाळांच्या सुरक्षेच्या कामाला. गोळीबारानं घरं उद्ध्वस्त होतात, त्या कामाला पैसा लागतो, हे आम्हाला मान्य. कोलोराडोत तर लोकांनाच विचारावं लागलं, कारण मतदारांच्या संमतीशिवाय नवा कर नाही, अशी दुरुस्ती त्यांनी १९९२ सालीच आपल्या राज्यघटनेत करून ठेवली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी होकार दिला, आणि १ एप्रिल २०२५ पासून तिथं साडेसहा टक्के सुरू झाले. त्यातला मोठा वाटा गुन्ह्यांत बळी पडलेल्यांच्या मदतीला.

इथवर हिशेब चोख. पण यात शेतकरी कुठं आहे?

कॅलिफोर्नियातही रानडुकरं आहेत आणि तीही रातोरात शेत उकरतात. त्यांच्यावर झाडायला तिथला शेतकरी काडतूस घेतो आणि दोन्ही कर भरतो. पोलिसांना सूट आहे, अगदी थोडी विक्री असलेल्या दुकानदाराला सूट आहे. शेतकऱ्याला नाही. काडतुसाच्या पैशातून अमेरिकेत हरणं पुन्हा वाढली, सरकारनं त्याचा अभिमानही मिरवला. ती हरणं चरतात कुठं? मक्यात आणि सोयाबीनमध्ये. शिकाऱ्यानं कर भरला, त्याला हरीण मिळालं. शेतकऱ्यानं कर भरला आणि वर हरणालाही पोसलं.

आपल्याकडं रोही कपाशीत शिरतो आणि डुक्कर ज्वारी आडवी करतं, तेव्हा पंचनामा होतो. कर बांधून घेण्याची त्यांची रीत आम्हाला पसंत आहे. फक्त बांधताना खुंट्याजवळ शेतकरी उभा पाहिजे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं दोन कागद आणावेत: गेल्या हंगामातल्या नुकसानीच्या पंचनाम्याची नक्कल, आणि भरपाई मिळाली असेल तर तिची तारीख. ज्यांचा पंचनामाच झाला नाही, त्यांनी गट नंबर आणि पीक लिहून आणावं. गावाप्रमाणे यादी तिथंच बसून करू.