कडक कायद्याला मुदत हवी



दहशतवादाविरुद्ध कडक कायदा हवा की नको, या वादात मी तुमचा वेळ घेणार नाही. हवा. मुंबईकराला हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. १२ मार्च १९९३ च्या दुपारी शेअर बाजारापासून स्फोटांना सुरुवात झाली आणि दोन-अडीच तासांत २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत एकामागोमाग सात स्फोट झाले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत २६ नोव्हेंबरचा हल्ला. अशा दिवसांत पोलिसांना एरवीपेक्षा जास्त अधिकार द्यावे लागतात, हे मला मान्य आहे.

माझं म्हणणं एवढंच, की भीतीच्या दिवसांत दिलेल्या जास्तीच्या अधिकारावर तारीख लिहिलेली असावी. अमुक दिवसापर्यंत. त्यापुढे हवा असेल तर सरकारने संसदेपुढे पुन्हा यावं, हिशेब द्यावा आणि पुन्हा मंजुरी घ्यावी. आज मी हे एकच सांगायला आले आहे आणि दोन-तीनदा सांगणार आहे. कारण दर वेळी आपली चर्चा स्वातंत्र्य मोठं की सुरक्षा मोठी इथेच अडकते आणि मुदतीचं राहून जातं.

गिरगावात, लालबागला जुन्या चाळीत तुम्ही राहिला असाल तर टेकू पाहिला असेल. पावसाळ्याच्या तोंडावर गॅलरीची तुळई वाकते. मग खाली एक फळी, वर एक फळी, मध्ये उभी बल्ली आणि बल्लीच्या बुडाशी ठोकून बसवलेली पाचर. त्या रात्री त्या टेकूवरच चाळ उभी असते. त्याला नावं ठेवणारा शहाणा नव्हे. पण पावसाळा सरतो, दिवाळी येते, टेकू तिथेच असतो. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा येतो. कुणीतरी खिळा मारून कपडे वाळत घालायची दोरी बांधतं. म्हातारी माणसं अंधारात अडखळतात. पोरं त्याला वळसा घालून पळायला शिकतात. मग चाळीतच जन्मलेल्या मुलाला वाटतं, गॅलरी अशीच असते. तुळई बदलायची होती, हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

आपल्या कायद्यांचं तेच झालं आहे. पूर्वी निदान तारीख तरी लिहिलेली असायची. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा एका वर्षापुरता होता. तो वाढत वाढत १९६९ अखेरपर्यंत चालला, पण दर वेळी संसदेपुढे यावं लागलं. १९८५ चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा दोन वर्षांचा. तोही वाढत गेला, गैरवापराच्या तक्रारीही वाढत गेल्या, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहिलं, की हा कायदा आता वाढवू नका. मे महिन्यात मुदत संपली, टाडा संपला. हे होऊ शकलं, कारण त्यावर तारीख होती. तारीख नसती तर ते पत्र कोणत्या दिवसाआधी पोचायला हवं होतं?

इथे कुणी विचारेल, कायदा संपला म्हणजे आरोपी सुटले का? मुळीच नाही. ९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला टाडा संपल्यावरही टाडाखालीच चालला. २००७ मध्ये शिक्षा सुनावल्या गेल्या, त्या याच कायद्याखाली. कायद्याची मुदत संपते तेव्हा नवे गुन्हे त्याखाली नोंदवता येत नाहीत. कायद्यात तशी तरतूद असेल, तर जुने चालूच राहतात. तेव्हा मुदत घातली तर देश उघडा पडेल, ही भीती कृपा करून मनातून काढून टाका.

मग पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा आला. २००२ च्या मार्चमध्ये राज्यसभेने नाकारला, तेव्हा संयुक्त अधिवेशन बोलावून मंजूर करून घेतला. त्यालाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये तो मुदतीआधीच रद्द झाला आणि पुष्कळांनी आनंद मानला. पण त्याच सुमारास त्यातली बरीच कलमं उचलून १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे आपण ज्याला यूएपीए म्हणतो त्यात, ठेवली गेली. हा कायदा कायमचा आहे. टेकू काढला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, आणि तो भिंतीतच चिणला गेला! २६ नोव्हेंबरला महिनाही झाला नव्हता तेव्हा, डिसेंबर २००८ मध्ये, त्यात आणखी भर पडली. एरवी आरोपपत्रासाठी साठ किंवा नव्वद दिवस; इथे १८० दिवसांपर्यंत. आणि आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. कलमं बरीचशी तशीच, फक्त तारीख गेली. माझी तक्रार त्या तारखेबद्दल आहे.

घटनेकडे बघा. आणीबाणी! ज्यांनी १९७५ पाहिलं, ज्यांच्या घरातलं कुणी मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होतं, त्यांना मी काय सांगणार? त्या अनुभवानंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीलाही दर सहा महिन्यांनी संसदेची मंजुरी लागेल असं ठरवलं. आणीबाणीला सहा महिने, आणि एका साध्या कायद्यातल्या एवढ्या कडक कलमांना मुदतच नाही, हे कसं चालतं?

तारीख नसली की काय होतं, याचं आपल्या घरचं उदाहरण देते. मकोका राज्याने १९९९ मध्ये टोळ्यांच्या गुन्हेगारीसाठी आणला. पुढे तो बॉम्बस्फोटांनाही लावला गेला. ८ सप्टेंबर २००६, मालेगाव, शुक्रवार, शब-ए-बारात. कबरस्तानाच्या आवारात लोक जमलेले आणि स्फोट. तीसहून अधिक माणसं गेली. नऊ जणांना पकडून मकोका लावला. त्यातल्या बहुतेकांना जामीन मिळाला तो २०११ मध्ये, आणि न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं एप्रिल २०१६ मध्ये. त्यांची वर्षं गेली ती गेलीच. पण ज्या घरांतली माणसं त्या दिवशी मेली, त्यांच्या हातात काय आलं? इतक्या वर्षांनी कळलं, की यंत्रणा चुकीच्या माणसांमागे होती. ही सुरक्षा झाली का? दर दोन-तीन वर्षांनी कायद्याचा हिशेब मागितला गेला असता, तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं असतं: इतके पकडले, इतक्यांवर गुन्हा शाबीत झाला, इतके अजून आत आहेत आणि खटला सुरूही झालेला नाही.

यात आपणही कमी पडतो, रागावू नका. स्फोटानंतर आठवडाभर आपण कायदा आणखी कडक करा म्हणून तावातावाने बोलतो. पण तीन वर्षांनी त्या कायद्याचं काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांनी कुणाला विचारलं?

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. ब्रिटनमध्ये १९७४ साली बर्मिंगहॅमच्या स्फोटांनंतर तात्पुरता म्हणून कायदा केला आणि त्याला मुदतवाढ देत देत पाव शतक चालवला. म्हणजे नुसती तारीख पुरत नाही. त्या तारखेला खरी चर्चा व्हायला हवी. ती कशी होईल? पोटा रद्द करताना संसदेने आढावा समित्यांना सगळे खटले वर्षभरात तपासायला सांगितलं होतं. तशी समिती आत्ताच्या कायद्यालाही जोडता येईल. तिच्यात निवृत्त न्यायाधीश असावेत, अहवाल सभागृहात मांडला जावा, आणि एखादा खटला अमुक वर्षांहून लांबला तर… स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे, समितीचं अर्धंच राहिलं.

तुमच्या खासदारांना एक पत्र टाका. यूएपीएची ही कलमं मंजुरीसाठी पुन्हा संसदेपुढे कधी येणार, एवढंच विचारा. उत्तर आलं तर आकाशवाणीच्या पत्त्यावर मलाही कळवा.