चार प्रतींतून एक चित्रपट

आज मी व्हिडिओ कॅसेटींबद्दल बोलणार आहे. एसटी स्टँडसमोर आमचं व्हिडिओचं दुकान होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. आधी आम्ही कॅसेटी भाड्याने द्यायचो, मग लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं. यजमान गेल्यावर दुकान लहान झालं. आता मी लोकांच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देते, आणि सोबत झेरॉक्सचं मशीन.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याच गावातली एक मुलगी दुकानात आली. म्हणाली, "मावशी, मला आजीचा चेहरा बघायचाय." तिची आजी म्हणजे आमच्या आळीतल्या आत्या. त्यांना जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. लग्नातला एकच फोटो होता, तो भिंतीवर होता तिथेच वाळवीने खाल्ला. पण आत्या एका चित्रपटात होत्या! कृष्णेच्या घाटावर शूटिंग झालं होतं, पाणवठ्यावरच्या गर्दीला आपल्या आळीतल्या बायका उभ्या केल्या होत्या. दिवसाचा रोज आणि दुपारचं जेवण. कुठला चित्रपट ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याचे हक्क अजून निर्मात्यांकडे आहेत, म्हणून मी हवेत नाव घेत नाही.

मी म्हटलं, त्यात काय अवघड, सीडी मिळते बाजारात. सीडी लावली. दोन तबकड्यांचा तो चित्रपट, पण पाणवठ्याचा प्रसंगच गायब! व्हीसीडीच्या एका तबकडीवर साधारण सव्वा तास मावतो, त्यामुळे कापाकापी करताना कुणीतरी गाणं वाचवलं आणि पाणवठा उडवला. शिवाय व्हीसीडीचं चित्र म्हणजे आडवे 352 आणि उभे 288 ठिपके. कॅमेरा जरा हलला की चेहऱ्याचे चौकोन होतात, चौकडीच्या लुगड्यासारखे.

मग शोध सुरू झाला आणि तीन महिन्यांत आणखी तीन प्रती सापडल्या.

एक मिळाली निवृत्त गुरुजींच्या माळ्यावर. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा, आठवतंय ना? गुरुजी तो व्हीसीआरवर भरून ठेवायचे. या कॅसेटमध्ये पाणवठा सगळा होता. पण सुरुवातीला गुरुजींनी बटण उशिरा दाबलेलं, म्हणून नामावली नाही. आणि माळ्यावरच्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी. दुसरी कॅसेट आली अमेरिकेहून, गावातल्या एका जावयाच्या जुन्या सामानातून. तिकडच्या भारतीयांसाठी विकायला काढलेली. तिचीही सुरुवातीची फीत चुरगळून फाटलेली होती. तिसरी प्रत माझ्या भाच्याने अलीकडे एका चॅनेलवरून संगणकावर भरून घेतली होती. ती सगळ्यांत स्वच्छ, पण नामावली जाहिरातवाल्यांनी गिळलेली आणि बाकीच्या चित्राचे हाल केलेले. हल्लीचे टीव्ही रुंद, जुने चित्रपट चौकोनी. पडदा भरलेला दिसावा म्हणून त्यांनी चित्राच्या वरची आणि खालची बाजू कापून टाकलेली. बायकांच्या डोक्यावरच्या घागरीच नाहीत! कोपऱ्यात चॅनेलचं चिन्ह. आणि आत्या वळून कॅमेऱ्याकडे बघतात त्याच क्षणी खालून साबणाच्या जाहिरातीची पट्टी सरकते, ती नेमकी त्यांच्या हनुवटीवर.

म्हणजे एकाही प्रतीत आत्या पुरत्या नव्हत्या. चारही प्रती शेजारी शेजारी लावून बसले, तेव्हा लक्षात आलं की त्या एकमेकींशी जुळतही नाहीत.

याचं कारण सांगते, ऐकायला गंमत वाटेल. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी चालतो. आपल्याकडचा टीव्ही चालतो 25 चित्रांनी. म्हणून दूरदर्शनवर चित्रपट दाखवताना तो जरासा पळवतात. एक तासाचा ऐवज 57 मिनिटं 36 सेकंदांत संपतो. दोन तासांच्या चित्रपटात जवळजवळ पाच मिनिटं वाचतात, आणि एकही दृश्य कापलेलं नसतं. फक्त गाण्याचा सूर चढतो. पेटीवरच्या शेजारच्या पट्टीपर्यंतही तो पुरता पोचत नाही, पण ज्याला कान आहे त्याला कळतं. थिएटरात ऐकलेलं गाणं टीव्हीवर जरा बारीक का वाटतं, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

अमेरिकेतला टीव्ही वेगळा. तिथे सेकंदाला जवळपास 30 चित्रं लागतात. 24 ची 30 करायला ते अधूनमधून तेच चित्र अर्धं अर्धं पुन्हा वाढतात. त्यामुळे वेग मूळचा राहतो, आवाजाचा सूरही मूळचा. त्या प्रतीतला आवाज म्हणूनच मला सर्वांत खरा वाटला. पण ती पुन्हा वाढलेली चित्रं तांदळातल्या खड्यांसारखी निवडून काढावी लागली. हे काम संगणक करतो, मी फक्त त्याने नीट निवडलंय का ते बघत बसले. रंग मात्र त्या कॅसेटचे पार गेलेले. सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे.

बुरशीचं काम हाताने केलं. बुरशी लागलेली कॅसेट कधीही थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. ती पूड व्हीसीआरच्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तोंडाला फडकं बांधून, कॅसेट उघडून, मऊ कापडाने फीत हळूहळू पुसत गेले. तीन दिवस लागले. त्यानंतर ती कॅसेट एकदा नाही, पाच वेळा वाजवून उतरवली. जुनी फीत दर वेळी थोडी वेगळी वाजते. एकदा वर मुंग्या येतात, एकदा खाली रेघ पडते. पाचही वेळची चित्रं एकावर एक ठेवली आणि बहुतेक वेळा जे दिसतं तेवढंच ठेवलं, की मुंग्या आपोआप विरतात.

हे मला कुणी परदेशी विद्या म्हणून सांगितलं असतं तर मी घाबरले असते. पण जात्यावरच्या ओव्या गोळा करताना आपण हेच करतो. एकीला पहिला चरण आठवतो, दुसरीला शेवटचा, तिसरी म्हणते, "अगं नाही, आई असं म्हणायची." तिघींचं ऐकून ओवी उभी राहते. आणि पैठणला एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचं काय केलं? ग्रंथ होऊन जवळपास तीनशे वर्षं झालेली, नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडलेले. त्यांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आणि कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असं बजावूनही ठेवलं.

ते बजावणं मला पुढे उपयोगी पडलं. चॅनेलच्या प्रतीतलं चित्र घेतलं, कापलेल्या घागरी आणि कोपऱ्यातल्या चिन्हाखालची जागा गुरुजींच्या कॅसेटमधून भरली, आवाज अमेरिकेचा घेतला. हनुवटीवरची पट्टी काढून तिथे दोन्ही कॅसेटींतून चेहऱ्याचा खालचा भाग जोडला. तेवढा भाग धूसर आला. व्हीएचएसची कॅसेट तेवढंच देऊ शकते. भाचा म्हणाला, "मामी, थांब, माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे. एआय. फोटो लख्ख करतं." दोन मिनिटांत त्याने आत्यांचा चेहरा लख्ख करून दाखवला. भुवया कोरलेल्या, गाल गुळगुळीत, दात मोत्यांसारखे. मी बघतच राहिले. बाई सुंदर होती, पण आत्या नव्हत्या.

काय चुकलंय ते पटकन कळेना. मग त्यांच्या धाकट्या जाऊबाईंना बोलावलं. त्या आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाल्या, "गोंदण कुठंय?"

आत्यांच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता. सॉफ्टवेअरला तो डाग वाटला, त्याने पुसून टाकला! मी दोन्ही कॅसेटी परत लावल्या. गुरुजींच्या कॅसेटमध्ये हनुवटीवर ठिपका, अमेरिकेच्या कॅसेटमध्येही त्याच जागी ठिपका. कॅसेटचा डाग असता तर तो दोन वेगळ्या देशांतल्या कॅसेटींवर एकाच जागी कशाला पडेल? ठिपका ठेवला. सॉफ्टवेअरने केलेला चेहरा पुसला. भाचा जरा नाराज झाला, त्याचंही खरं आहे, पोराने हौसेने केलं होतं. पण आता चेहरा थोडा धूसर आहे, आणि आत्यांचा आहे.

तुम्ही म्हणाल, घरच्या कॅसेटींचं एवढं काय कौतुक? मूळ निगेटिव्ह असेल तर कॅसेटकडे बघूच नये, हे मलाही मान्य आहे. शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून ज्याचा खर्च केला तो 1976 चा 'मंथन' घ्या. आपली स्मिता पाटील आहे त्यात. 2024 मध्ये तो नवा होऊन कान महोत्सवात दाखवला. त्याची निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सांभाळलेली होती. आवाज मात्र थिएटरात दाखवायच्या प्रिंटवरून घ्यावा लागला. म्हणजे एवढ्या मोठ्या कामातही चित्र एकीकडचं आणि आवाज दुसरीकडचा. आणि 1931 चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याचं काहीच उरलं नाही. फक्त फोटो. त्या काळी घरोघरी कॅसेटी असत्या तर, असं मनात येतंच.

इंग्लंडमध्ये अशी घरची कॅसेट खरोखर कामी आली. बीबीसीवर 'डॉक्टर हू' नावाची मालिका 1963 पासून चालू होती. टेप महाग, म्हणून बीबीसीने जुने भाग पुसून त्याच टेपवर नवे कार्यक्रम भरले. 1971 मधल्या एका रंगीत कथेचे, 'द डीमन्स'चे, बहुतेक भाग काळ्यापांढऱ्या फिल्मवरच उरले. पण अमेरिकेत कुणीतरी ती कथा टीव्हीवरून घरी रंगीत भरून ठेवली होती. चित्र पुसट, रंग मात्र शाबूत. मग काळ्यापांढऱ्या फिल्मची रेघ घेतली, त्यात घरच्या टेपचे रंग भरले, आणि 1992 मध्ये बीबीसीने ती पुन्हा रंगीत दाखवली. आपण रांगोळी काढतो तसंच, रेघ एकीने ओढायची, रंग दुसरीने भरायचे.

बीबीसीला हसण्याचा मला अधिकार नाही. आत्यांच्या चित्रपटाची एक चांगली कॅसेट आमच्याच दुकानात होती. भाड्याने कुणी नेईना, म्हणून मी तिच्यावर एका लग्नाचं शूटिंग भरून दिलं. वहीत नोंद आहे, माझ्याच अक्षरात. कोऱ्या कॅसेटचे पैसे वाचले म्हणून तेव्हा मला बरंच वाटलं होतं. नामावली त्या कॅसेटवर नक्की होती.

आणि एक बाई अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या, मॅरियन स्टोक्स. आधी ग्रंथपाल होत्या. त्यांनी घरात अनेक व्हीसीआर लावून तीसहून जास्त वर्षं, 2012 मध्ये मरण येईपर्यंत, रात्रंदिवस टीव्हीवरच्या बातम्या भरल्या. कॅसेटी सत्तर हजारांच्या आसपास. कॅसेट बदलायची वेळ झाली की घरच्यांना बाहेरून परत यावं लागायचं! लोक त्यांना विक्षिप्त म्हणाले असतील. पण आता तो संग्रह इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे आहे.

तुम्ही सत्तर हजार ठेवू नका. जेवढ्या आहेत तेवढ्या पत्र्याच्या माळ्यावरून खाली आणा. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, पूर्ण गुंडाळून. उन्हात नको, स्पीकरजवळ नको, त्यातल्या चुंबकाने फीत बिघडते. कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. उतरवून घेतल्यावर दोन प्रती दोन घरी ठेवा, आणि मूळ कॅसेट फेकू नका. उद्या याहून चांगलं यंत्र येईल. उतरवायला मात्र उशीर करू नका, कारण जपानच्या फुनाई कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं बंद केलं आणि आता आमच्यासारख्या दुकानांत जुनेच दुरुस्त करून चालतात. माझ्याकडे दोन आहेत. त्यातला एक फक्त सकाळी चालतो, का ते विचारू नका. आणि एक, चित्रपटाचा हक्क आपल्या कायद्याने प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, तेव्हा अशी प्रत घरात बघा, इंटरनेटवर टाकू नका.

आत्यांचा प्रसंग नातीने बघितला. अकरा सेकंदांचा आहे. आत्या घागर भरतात, उचलतात, वळतात, आणि कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगितलेलं असूनही बघतात. ती मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती हसली. म्हणाली, "आमची बाई अशीच बघते."

आता राहिली नामावली. जुन्या बायका म्हणतात, शेवटच्या पाटीवर गावाचे आभार मानले होते आणि पाणवठ्यावरच्या बायकांची नावंही होती. खरं की खोटं, कुणालाच सांगता येत नाही, कारण चारही प्रतींत ती पाटी नाही. सीडीवाल्यांनी नामावली नवी छापली आहे, त्यात बायका नाहीत. तेव्हा तुमच्या माहेरी, सासरी, कुणाच्या कपाटात दूरदर्शनवरून भरलेली जुनी कॅसेट असेल, वर नाव लिहिलेलं असो वा नसो, दुकानात घेऊन या. पैसे घेणार नाही. सकाळी या, म्हणजे दोन्ही व्हीसीआर चालू असतील.