उकळत्या पाण्यात काय घालायचं, काय नाही

औषधी वनस्पती वाळवण्याबद्दल आपण बोलायला लागल्यापासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. "ताई, वाळवायच्या आधी गरम पाण्यातून काढायचं की नाही?" कुणी सांगतं, शतावरी उकळल्याशिवाय सोलताच येत नाही. कुणी तुळससुद्धा उकळत्या पाण्यात बुडवून काढते, जंतू मरावेत म्हणून. आज आम्ही गटातल्या सगळ्याजणी मिळून याच प्रश्नाचं उत्तर देणार आहोत. दोन-दोन वर्षं जपलेलं पीक त्या दहा मिनिटांत कमावलं जातं, नाही तर गमावलं जातं.

आधी गरम पाण्याचं काम काय ते बघू. वांगं चिरून ठेवलं की थोड्या वेळात काळं पडतं. तोडलेल्या, खणलेल्या वनस्पतीच्या आत काही द्रव्यं काम करतच असतात. त्यांना विकरं म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द एन्झाइम. रंग बदलतो, वास बदलतो तो त्यांच्यामुळे. उकळत्या पाण्याचा चटका बसला की त्यांचं काम थांबतं. साल सैल होते, आतलं पाणी लवकर बाहेर पडतं, वरची माती आणि बुरशीही बरीच कमी होते. यालाच ब्लांचिंग म्हणतात. नाव नवीन असेल, पण काम जुनंच आहे. सांगली-हिंगोलीकडे हळद शिजवून मगच वाळवतात, ते याच घराण्यातलं. फक्त हळद जुन्या पद्धतीच्या कढईत पाऊण ते एक तास शिजते आणि आपल्या मुळ्यांना दहा मिनिटं पुरतात.

आता शतावरी. लागवडीनंतर साधारण दीड ते दोन वर्षांनी मुळ्या काढतात. काढताना वरचा डोळे असलेला गड्डा मुळ्यांपासून वेगळा करून पुन्हा लावायचा. रानातली शतावरी असेल तर हे विसरूच नका. गड्डा उपटून फेकला तर पुढच्या वर्षी त्या बांधावर काही उरत नाही.

मुळ्या तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवायच्या. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आधी खळखळ उकळू द्यायचं, मग मुळ्या घालायच्या. थोड्या थोड्याच घाला. एकदम भरल्या तर उकळी बसते, आणि कोमट पाण्यात मुळ्या नुसत्या भिजत राहतात. पातळ कापडात सैल बांधून सोडल्या तर काढायला सोपं जातं आणि हात भाजत नाही. साधारण दहा मिनिटं झाली की एक मुळी काढून नखाने साल उचलून बघा. साल सहज सुटली की झालं. लगेच गार पाण्यात टाका, म्हणजे आतलं शिजणं थांबतं. मग साल काढा, मधली चिवट शीर ओढून काढा, आणि त्यानंतरच तुकडे करा.

आधी तुकडे करून उकळलं तर काय बिघडतं? शतावरीत पाण्यात विरघळणारी, फेस आणणारी द्रव्यं असतात, आणि तिच्या औषधीपणात त्यांचा वाटा आहे. चिरलेल्या तोंडातून ती पाण्यात उतरतात. म्हणून मुळी अख्खी उकळायची आणि घड्याळ लावून उकळायची. मोबाइलचा गजर लावा. "जरा जास्त शिजलं तर बरंच" हे वरणाला चालतं, शतावरीला नाही.

न उकळता वाळवली तर साल मुळीला घट्ट चिकटते. ती सुरीने खरवडावी लागते, वजन वाया जातं, मुळी तपकिरी पडते आणि व्यापारी ढिगात हात घालून भाव पाडतो. दहा किलो ओल्या मुळ्यांचे सगळं होऊन साधारण एक किलो सुके तुकडे हाती येतात. तेवढ्या एका किलोत खणण्याची, धुण्याची, सरपणाची आणि सोलण्याची मजुरी निघायची असते, म्हणून रंगावर भाव पडला की तो थेट आपल्या मजुरीतून जातो.

दुसरा आवळा. आवळकाठी करताना आवळे उकळत्या पाण्यात पाच ते आठ मिनिटं ठेवले की फाकी सुटायला लागतात. पण आवळ्यातलं क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. त्यापेक्षा चाळणीत ठेवून वाफ द्या. थोडा वेळ जास्त लागतो, पण आवळ्यातलं आवळ्यात राहतं. आणि लोखंडी कढई नको. आवळ्याचा तुरटपणा लोखंडाला लागला की फोडी काळ्या पडतात.

तिसरी मिरी. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या दारात मिरवेल आहे त्यांनी हे ऐका. हिरवे दाणे उकळत्या पाण्यात फक्त एक मिनिट बुडवून काढायचे. धूळ जाते, वाळणं लवकर होतं आणि दाणे सगळे सारखे काळे होतात. तुम्ही म्हणाल, आत्ता तर सांगितलं की उकळल्यावर काळं पडत नाही! बरोबर. पण एका मिनिटात साल नुसती सैलावते, विकरं पुरती मरत नाहीत, आणि सालीला काळा रंग तीच आणतात. तेच दाणे दहा मिनिटं ठेवले तर तो रंग येत नाही. म्हणून प्रत्येक वनस्पतीचं मिनिट वेगळं, एकीचं दुसरीला लावायचं नाही.

आता कशाला गरम पाणी दाखवायचंच नाही ते. तुळस, पुदिना, गवती चहा, निरगुडी यांचा जीव त्यांच्या वासात आहे. तो वास म्हणजे उडून जाणारं तेल. उकळताना घरभर घमघमाट सुटला म्हणजे औषध हवेत गेलं, हातात चोथा राहिला. हा पाला धुऊन, निथळून सावलीत वाऱ्यावर वाळवायचा. गुळवेल चिरून वाळवायची, अश्वगंधाची मुळं धुऊन, तुकडे करून वाळवायची. बाळहिरडा तसाच उन्हात, कारण त्याचा तुरटपणा पाण्यात निघून जातो. रिठ्याचंही तेच. त्याचा फेसच पाण्यात गेला तर राहिलं काय?

लक्षात ठेवायला सोपं असं सांगतो. मूळ रसाळ, साल चिवट, तर गरम पाण्याचा विचार करा. पाला पातळ आणि वास तेज, तर सावली. फेसाची किंवा तुरट वस्तू असेल तर आधी विचारा. आणि विकायचा माल असेल तर घेणाऱ्यालाच विचारा, "उकळून सोललेला हवा की सालीसकट कच्चा?" काही वैद्य आणि कारखाने मुद्दाम कच्चा माल मागतात. ते विचारल्याशिवाय चूल पेटवू नका.

उकळलं म्हणजे टिकलं, असंही समजू नका. उकळलेली मुळी ओली असते आणि ओल्यावर बुरशी लवकर धरते. म्हणून गार पाण्यातून काढली की त्याच दिवशी पसरा. जमिनीवर नको, रस्त्याच्या कडेला तर नकोच. बाजेवर किंवा जाळीवर, वरून पातळ फडकं, संध्याकाळी घरात. तुकडा मोडल्यावर कट् असा आवाज आला, की वाळला. वाकला तर अजून ओल आहे. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बुरशी आलेला तुकडा पुसून, ऊन दाखवून परत ढिगात मिसळू नका. कुणा आजारी माणसाच्या, बाळंतिणीच्या पोटात तो जाणार आहे.

शेवटचं. गटाची एक वही ठेवा. ओलं वजन किती, किती मिनिटं उकळलं, किती दिवसांत वाळलं, सुकं वजन किती, भाव काय मिळाला. नवीन वनस्पती असेल तर आधी मूठभर उकळून आणि मूठभर न उकळता, शेजारी शेजारी वाळवून बघा. आठ-दहा दिवसांत तुमच्याच ओसरीवर उत्तर मिळेल. मग व्यापारी काही म्हणाला, तर वही आणि दोन्ही मुठी त्याच्यापुढे ठेवता येतील.

तुमच्या भागात काय उकळतात, काय नाही, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी आपण वाळवलेल्या मालाची साठवण आणि किडीपासून राखण यावर बोलू. तोवर चुलीपाशी जपून. नमस्कार.